एका चाकाचा घाट

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥
फोंडाघाट
८ नोव्हेंबर १९८६

चि. तुळसास आईचे अनेक आशीर्वाद.

तुला मालवणात जाऊन दीड वर्ष झालं. या दीड वर्षात मी अकरा पत्रं घातली, तुझी दोन कार्डं आली. एकावर "पत्र मिळाले" आणि दुसऱ्यावर "पैसे पाठवू नये". तरी हे बारावं लिहिते आहे. आंतर्देशीय विकत घेतलं की घडीपर्यंत भरल्याशिवाय मला राहवत नाही. कोरी जागा पोस्टाला फुकट कशाला द्यायची?

मी बरी आहे. कृष्णावन्संना सांग, त्यांनी पाठवलेली सुकी कोलंबी पोचली. त्यांना मी वेगळं लिहीन. तुझ्या बाबांची सख्खी बहीण म्हणूनच तुला तिथे ठेवायला मी तयार झाले, नाहीतर एकट्या मुलीला कोण दूर ठेवतं?

दुकान अजून बंद आहे. शिवा जीपवाला टायर ठेवायला जागा मागतो. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आत अजून सगळं तसंच आहे. पंक्चरची टोपली, पंप आणि खुंटीवर बाबांची एकचाकी. दर एकादशीला मी कुलूप काढते, केर काढते आणि पुन्हा लावते. एकचाकीला हात लावत नाही. तिच्यावरची धूळसुद्धा पुसत नाही.

एक सांगायचं होतं. घाटातल्या तिसऱ्या वळणावर आता ट्रकवाले नारळ ठेवायला लागले आहेत. कठड्याला कोणी शेंदूर फासलाय. परवा शिवा म्हणाला, "वैनी, विश्रामदादा थंयसर राखणदार झालोहा. गाडयेक काय होणा नाय." मी त्याला म्हटलं, "तुझ्या गाडीचे ब्रेक तपासून घे आधी." माणूस सायकली दुरुस्त करायचा, त्याला देव कशाला करतात हे लोक. पण दुसऱ्या दिवशी मीही एक नारळ पाठवला. बाजारात स्वस्तातला मिळतो तोच, मोठा नव्हे.

बाबांची तिथी मार्गशीर्ष वद्य द्वादशी. या वर्षी ती २८ डिसेंबरला येते. रविवार आहे. तू शिकवतेस त्या बालवाडीला सुट्टी असेल. तू यावंस. पहिल्या वर्षी आली नाहीस, मी काही बोलले नाही. दुसऱ्यांदा लोक विचारतील.

लोकांचं राहू दे. मीच विचारते आहे.

तुझी आई
विमला

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥
फोंडाघाट
२२ नोव्हेंबर १९८६

चि. तुळसास अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. पोस्टमनने आधी वाचलं असणार, कारण देताना माझ्याकडे पाहिलं नाही. असलं काही लिहायचं तर पाकिटात घालावं.

तू लिहितेस, "देवाने नाही म्हटले असताना मीच बाबांना घाटात नेले. मला तिथे बोलावू नको. मी देवळाच्या पायरीलाही पाय लावत नाही."

तू तेव्हा सतरा वर्षांची होतीस. बाबा चव्वेचाळीस. कोणी कोणाला नेलं ते मला ठाऊक आहे. दुकानात बसलेल्या त्या रिकामटेकड्यांनी सुरुवात केली. कोल्हापूरची पोरं सायकलींवरून घाट उतरून आली, त्यांचं कौतुक चाललं होतं. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "उतारावरसून धोंडोय गडगडत येता. चढान दाखवा बघूया." झालं. तुझे बाबा पाना खाली ठेवून म्हणाले, "मी चढतलंय. दोन चाकांची मिजास माका नाय. एका चाकार चढतलंय." आणि तू मागच्या दारातून, हाताला पीठ लागलेलं, "बाबा, मीय येतलंय." मी म्हटलं होतं तुला, "बापूस तुझो खुळो, आणि तू त्याच्यापरास खुळां." सगळे हसले. मीही हसले होते, हे तुला आठवत नसेल.

लहानपणी ते सर्कशीच्या सायकली दुरुस्त करत हिंडले होते. तिथून एवढं एकच शिकून आले. बाकीचे पैसे आणतात, यांनी एक चाक आणलं. दहाव्या वर्षी तुला खळ्यात त्यावर बसवलं तेव्हा मी दारात उभी होते. एका हाताने तू कुडाचा बांबू धरलेलास आणि दुसऱ्या हाताने त्यांचं बोट. "फुडे बघ. मागे बघलंस की पडलंस." दिवसातून शंभर वेळा तेच. पुढे तुझ्यासाठी त्यांनी लहान चाकाची दुसरी बनवली. संध्याकाळी तुम्ही दोघं बाजाराच्या रस्त्याने जायचात, तू पुढे, ते मागे. त्यांच्या चाकातला एक छर्रा कमी होता, दर फेरीला टक् असा आवाज यायचा. गावभरच्या सायकली नीट करणाऱ्याचं स्वतःचं चाक वाजतं, म्हणून मी टोचून बोलले, तर म्हणाले, "चेडवाक मागे बघूचा नाय. माझां चाक तेका ऐकाक येवक होया, म्हणान तो छर्रो मी घालणंय नाय."

हे सगळं तुला ठाऊक आहे. का लिहिते आहे कोण जाणे. जागा भरायला लिहीत असेन.

देवाच्या डाव्या कौलाचं आता काढू नकोस. जे झालं ते झालं. देव एवढा मनात धरून बसत नाही. घरात एक तरी दिवा लावत जा. कृष्णावन्संना बरं वाटेल.

आई

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥
फोंडाघाट
४ डिसेंबर १९८६

चि. तुळसास आशीर्वाद.

आज तुझं नव्हे, कृष्णावन्संचं पत्र आलं. त्यांना लिहिण्याची सवय नाही, चार ओळींत सगळं कोंबलंय. ते जसंच्या तसं इथे उतरवते, म्हणजे तुझ्यामागे काही चाललंय असं वाटायला नको.

"वहिनी, चेडू पंधरा दिवस बालवाडीत जाणा नाय. बंदराच्या रस्त्यार मागसून चाक वाजता म्हणता. कानात कापूस घालून बसता. मी मागे बघलंय, कोण नाय. तिका सांगलंय तू पण बघ, तर म्हणता माका मागे बघूचा नाय. तुम्ही आवशी, तुम्ही काय ता करा."

तुळसा, हा आवाज तू मला आधीही सांगितला होतास. त्या दिवशी, अंगणात, त्यांना खाली आणून ठेवलं होतं तेव्हा. तू म्हणालीस, "आये, वर पोचासर बाबांचां चाक माझ्यामागे वाजत होतां." आणि मी सगळ्यांदेखत ओरडले, "गप रव. खोटां बोला नको." कारण शिवाने तोवर सांगितलं होतं. राधानगरीकडून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने साडेसातच्या सुमारास त्यांना तिसऱ्या वळणावर कठड्याला टेकून बसलेलं पाहिलं. चाक बाजूला नीट आडवं ठेवलेलं. त्याला वाटलं, दम खात आहेत. हात केला, त्यांनी केला नाही. आणि तू घाटमाथ्यावर दाजीपूरला पोचलीस तेव्हा दहा वाजून गेले होते.

अडीच तास तू ते चाक ऐकत चढलीस. वर पोचून तासभर वाट पाहिलीस. मग उतरत आलीस.

तू खोटं बोलत नव्हतीस. एवढं मला तेव्हाही कळत होतं. खोटं हा शब्द माझ्या तोंडात आधीपासून होता, तो तुझ्यावर पडला.

आता इथेच थांबते. दुपारचे चार वाजलेत, टपाल निघायला अजून वेळ आहे, खाली अर्धी घडीही कोरी आहे. पण हात चालत नाही. तशीच कोरी पाठवते. आयुष्यात पहिल्यांदा.

आई

फोंडाघाट
५ डिसेंबर १९८६

तुळसा,

आज वर देवाचं नाव घातलेलं नाही. ते विसरून नव्हे. हे पाकिटात घालते आहे, पोस्टमनने वाचू नये म्हणून. तू मात्र शेवटपर्यंत वाच. आणि बसून वाच.

कौल डावा पडला नव्हता.

तो सोमवार होता. तुमचं बुधवारचं ठरलं होतं. बाबा म्हणाले, "कौल लाव. देवान हो म्हटल्यान तर गाऱ्हाणां घालून जावया, नाय तर रवलां." मी एक नारळ, पाच केळी, उदबत्ती घेऊन दुपारी देवळात गेले. धोंडू गुरवाशिवाय तिथे कोणी नव्हतं. त्याने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, दोन्ही बाजूंना सारख्या, आणि आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "म्हाराजा, विश्राम आणि तेचां चेडू एका चाकार घाट चढूक जातत. जाणारां आसात तशी सुखरूप येवंदेत, तुझी मर्जी आसात तर उजवो दी." मी हात जोडून मनात म्हणत होते, डावा दे. देवासमोर उभी राहून मी त्याच्याकडे नकार मागत होते.

उजवी पाकळी पडली. लगेच. एरवी पाव-पाव तास बसावं लागतं, तेव्हा विचारून होतंय न होतंय तोच पडली. धोंडू म्हणाला, "वैनी, उजवो. देवान हसान दिल्यान."

मी त्याला सांगितलं, "घरी मीच सांगेन." तो म्हणाला, "तुमच्या घरचो कौल, तुम्हीच सांगूचो."

देवळापासून घरापर्यंत सहा मिनिटं लागतात. त्या सहा मिनिटांत मी उजव्याचा डावा केला.

कारणं सांगते. इन्सुलीचं स्थळ आलं होतं तुझ्यासाठी. नाक्यावर नोकरी, चांगली माणसं. मुलगी पँट घालून भर रस्त्यात सर्कस करते असं त्यांच्या कानावर गेलं असतं. हे कारण मी दोन वर्षं स्वतःला देत आले. हे खरं आहे, पण पुरतं नाही. दुसरं असं, की सात वर्षं तुम्ही दोघं त्या रस्त्याने जायचात आणि मी दारात उभी असायचे. परत आलात की एकमेकांकडे बघून हसायचात. काय झालं विचारलं तर "काय नाय गो" म्हणायचात. घरातलं सगळं माझ्या हातात होतं, तेवढं एकच नव्हतं. मला वाटलं, निदान देव तरी माझ्या बाजूला घ्यावा. तो आला नाही, तर मी ओढून आणला.

मी "डावा" म्हटलं तेव्हा बाबा हात धूत होते. म्हणाले, "बरां. देवाक नको तर नको." मला वाटलं, संपलं. त्या दिवशी मी गोड केलं होतं, आठवतं? शिरवाळे. तूच विचारलंस, कशाबद्दल.

बुधवारी फटफटताना तुम्ही नांदगावला सायकलच्या रिमा आणायला जातो म्हणून गेलात. चाकं पोत्यात बांधून. मी तुम्हांला चहा करून दिला.

आता तुला कळायला हवं ते नीट लिहिते. मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही चोरून गेला नसतात. देवळात सुखरूप येण्यासाठी गाऱ्हाणं झालं असतं, अर्धा बाजार मागून चालला असता. शिवाची जीप पाण्याची कळशी घेऊन मागे असती. तिसऱ्या वळणावर ते बसले तेव्हा कोणीतरी त्यांच्याजवळ असतं, पंधरा मिनिटांत खाली डॉक्टरकडे आणलं असतं. वाचले असते का, ते मला माहीत नाही. पण एकटे बसले नसते.

तू मला रडत सांगितलं होतंस, आदल्या दिवशी तूच त्यांना म्हणालीस, "देव कधी एका चाकार बसलोहा? तेका काय कळतला? चला बाबा." ते बोलणं तू छातीवर दगडासारखं घेऊन बसलीस. ते काढून टाक. तू देवाचा शब्द मोडला नाहीस. देवाने हो म्हटलं होतं. तू फक्त माझा शब्द मोडलास, आणि तो खोटा होता.

मी हे दोन वर्षं का लपवलं? तू मला सोडून जाशील म्हणून. तू गेलीसच. तरीही लपवलं.

उत्तर लिही असं म्हणत नाही.

विमला

फोंडाघाट
१५ डिसेंबर १९८६

चि. तुळसास,

दहा दिवस झाले. तुझं काही आलं नाही. यायला हवं असं नाही. कृष्णावन्संचं कार्ड मात्र आलं: "पाकीट वाचल्यान. दोन दिवस जेवली नाय. तिसऱ्या दिवशी माळ्यावरसून पोता काढल्यान." तुझ्या चाकाच्या पोत्याचं पुढे काय केलं ते वन्संनी लिहिलेलं नाही. कार्ड संपलं असणार.

तुला आणखी एक सांगायचं राहिलं. तेव्हा मलाच ते माहीत नव्हतं.

काल मी देवळात गेले, दोन वर्षांनी कौल लावायला. येते-जाते, दिवा लावते, पण विचारत काही नव्हते. कोणत्या तोंडाने विचारायचं? धोंडू आता थकलाय, पाकळ्या लावायला वेळ घेतो. मी म्हटलं, "आधी तुला सांगायचंय." आणि त्याला सगळं सांगितलं, की मी घरी डावा सांगितला.

तो म्हणाला, "माका ठावक आसा."

"कसां?"

"घाटात जावच्या आदल्या सांजेक विश्राम इल्लो. कौल खयचो पडलो म्हणान इचारल्यान. मी म्हटलंय, घरचो कौल घरात इचार. तो माझ्या तोंडाकडे बघीत रवलो, आणि मगे हसाक लागलो."

"काय म्हणाले?"

"'समाजला,' म्हणालो. 'ती भियाली, धोंडू. तिका काय बोला नको, चेडवाकय सांगा नको. आवशीक खोटी पाडूची नाय.' नारळ ठेवल्यान, पाया पडलो आणि गेलो."

मी तिथे खांबाला धरून खाली बसले. धोंडूने मला तीर्थ दिलं. नंतर म्हणाला, "दोन वर्सां वाट बघतंय वैनी, तुम्ही केवा येतास ती."

तेव्हा ते उजव्या कौलावर गेले, तुळसा. नारळ ठेवून, पाया पडून. फक्त तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी खोटी पडले असते. तुम्हां दोघांतली सगळी गुपितं माझ्याविरुद्ध आहेत असं मी समजत होते. एक माझ्यासाठी होतं, आणि त्याच्यापायी तू दोन वर्षं कानात कापूस घालून बसलीस. त्यांच्यावर रागव हवं तर. मीही रागावले काल. पुष्कळ दिवसांनी त्यांच्यावर रागावले, बरं वाटलं.

मग धोंडूने पाकळ्या लावल्या. "काय इचारू?" म्हणाला. मी म्हटलं, "तुळसा येतली काय?" त्याने गाऱ्हाणं घातलं. उजवीकडची एक पाकळी सुटत आली होती की डावीकडची, ते मी सांगणार नाही, कारण मी नीट पाहिलंच नाही. ती पडायच्या आधी मी उठले आणि बाहेर आले. धोंडू मागून हाक मारत राहिला, "वैनी, अहो वैनी, कौल अर्धो टाकू नये." पण हे उत्तर मला त्याच्याकडून नको होतं. एकदा घेतलं आणि काय केलं ते आपण पाहिलं.

येताना दुकान उघडलं. खुंटीवरून चाक काढलं, धूळ पुसली, हवा भरली. हवा भरताना दम लागला, पण भरली. उंबऱ्यापासून घरापर्यंत हाताने ढकलत आणलं. टक्, टक्, टक्. बाजारातल्या सगळ्यांनी मान वर केली.  घरी भिंतीला टेकवून ठेवल्यावरही मला ते बराच वेळ ऐकू येत होतं. मी कापूस घातला नाही. भाकऱ्या केल्या आणि ऐकत बसले. भीती वाटली, नाही असं नाही. पण माणूस घरात वावरतो तेव्हा आवाज होतोच.

तुला जो आवाज येतो तो कसला आहे, ते मला सांगता येणार नाही. तो तुला पकडायला येतो असं तुला वाटतं. मला वाटतं, वर पोचेपर्यंत तुला एकटं वाटू नये म्हणून ते आले, आणि तू अजून पोचली नाहीस असं ते समजतात. त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

२८ तारखेला सकाळी सात वाजता मी घाटाच्या पायथ्याशी उभी असेन. धोंडू गाऱ्हाणं घालायला येतो म्हणालाय. शिवाची जीप पाणी घेऊन येईल, त्याला मी ब्रेक तपासून घ्यायला सांगितलंय. इन्सुलीचे लोक ऐकतील ते ऐकू देत. तिसऱ्या वळणावर नारळ फोडायचा आहे. या वेळी मोठा.

तू आलीस तर तुझं चाक घेऊन ये. मला एका चाकावर बसता येत नाही, या वयात शिकणारही नाही. मी मागून चालत येईन, पार वरपर्यंत, कितीही वेळ लागो. मी एरवी झिजतात म्हणून वहाणा हातात घेऊन चालते, तुला ठाऊक आहे. त्या दिवशी पायात घालीन. नव्या घेतल्यात, कोल्हापुरी, टाच चांगली वाजते.

तू मागे बघू नकोस.

आई